मॅग्नेट बसवला, पण प्लंजर सुटेना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्याकडे एक साधा सोलेनॉइड आहे, म्हणजे करंट दिला की लोखंडी दांडा (प्लंजर) ओढणारी कॉइल. प्लंजरच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ४ चौरस सेंटिमीटर, स्ट्रोक ४ मिलिमीटर, कॉइलला ३,००० अँपिअर-टर्न्सचा (करंट गुणिले वेढे) झटका, परतीला स्प्रिंग. तुम्हाला ती स्प्रिंग काढून दोन्ही बाजूंना ओढणारा आणि दोन्ही टोकांना वीज बंद असतानाही धरून राहणारा अ‍ॅक्च्युएटर हवाय. ‘रिलक्टन्सचं बल (कॉइलच्या क्षेत्रानं लोखंडाला ओढण्याचं) अधिक मॅग्नेटचं बल’ असा हिशेब करून तुम्ही आधी एका टोकावर प्रयोग केलात: प्लंजर मधोमध कापला आणि त्यात ५ मिलिमीटर जाडीची एन-४२ ग्रेडच्या निओडिमियम मॅग्नेटची चकती बसवली. लांबून ओढ थोडी वाढली. प्लंजर टोकाला जाऊन चिकटला, आणि मग उलटा करंट देऊनही सुटेना. बऱ्याच खटपटीनंतर कॉइल चांगलीच तापली, आणि आता तर पकडच आधीपेक्षा ढिली झालीये. आता विचारताय की याहून जाड मॅग्नेट घ्यावा का.

नका घेऊ. जाड घेतलात तर सुटणं आणखी अवघड होईल. तुमच्या मॅग्नेटच्या ताकदीत काही कमी नाही, तो चुकीच्या जागी बसलाय. कॉइलच्या फ्लक्सला, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला, त्याच्या आतून जावं लागतंय, आणि तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी त्या एका गोष्टीतून निघतात.

या कामात एक आकडा पाठ असावा. फटीत १ टेस्ला क्षेत्र असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ४० न्यूटन ओढ मिळते, आणि ती क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते. अर्ध्या टेस्लाला १०, दीड टेस्लाला ९०. तुमच्या मूळ सोलेनॉइडमध्ये ४ मिलिमीटर फटीवर ३,००० अँपिअर-टर्न्स म्हणजे ०.९४ टेस्ला, म्हणजे ४ चौरस सेंटिमीटरवर साधारण १४० न्यूटन. फटीच्या कडेनं फ्लक्स फाकतो, इकडेतिकडे गळतो, लोखंडही थोडं खातं. ते सगळं मी बाजूला ठेवलंय, कारण इथे मुद्दा तुलनेचा आहे.

आता चकती आली. निओडिमियमची चुंबकीय पारगम्यता (फ्लक्स वाहू देण्याची क्षमता) हवेच्या फक्त ५ टक्के वर असते. म्हणजे कॉइलच्या दृष्टीनं तुमची ५ मिलिमीटरची चकती ही ४.८ मिलिमीटरची नवी फटच आहे. ४ ची फट ८.८ झाली. कॉइलचं क्षेत्र ०.९४ वरून ०.४३ टेस्लावर आलं. त्यात चकतीचे स्वतःचे ०.७१ टेस्ला मिळवले की १.१३ होतात, म्हणजे २०० न्यूटनच्या आसपास. १४० चे २०० झाले ही तुमची ‘थोडी वाढ’. पण त्यासाठी कॉइलचा निम्म्याहून जास्त प्रभाव घालवलात.

खरी गंमत बंद टोकाला आहे. तिथे फट ०.२ मिलिमीटर उरली असं धरू. चकती एकटीच तिथे १.२५ टेस्ला देते, म्हणजे जवळपास २५० न्यूटनची पकड. ती रद्द करायला कॉइलनं उलटे १.२५ टेस्ला द्यायला हवेत, आणि वाटेत ५ मिलिमीटरच्या आसपास फट आहेच, कारण चकती काही कुठे गेली नाही. गरज निघते ४,९०० अँपिअर-टर्न्सची. तुमच्याकडे ३,०००. मग सुटणार कसा?

तिसरी तक्रार, पकड ढिली होण्याची, ही मला सर्वांत जास्त खटकली, कारण ती परत भरून येत नाही. ३,००० उलट्या अँपिअर-टर्न्समध्ये तुमच्या चकतीच्या आत सुमारे ६१० किलोअँपिअर प्रति मीटर इतकं उलटं क्षेत्र पडतं. एन-४२ ची उलटं क्षेत्र सोसण्याची मूळ सहनशक्ती २० अंशांना निदान ९५५ असते, म्हणजे थंड असताना चकती वाचते. पण ही सहनशक्ती दर अंशाला साधारण ०.६ टक्क्यांनी उतरते. ८० अंशांना ती ६१० वर येते, १०० अंशांना ५०० च्या घरात. कॉइल हात लावता येत नाही इतकी तापली होती म्हणता. त्या अवस्थेत दिलेला प्रत्येक उलटा झटका चकतीचा थोडा थोडा जीव घेत होता. आणि समजा तुम्ही ४,९०० अँपिअर-टर्न्सची सोय केलीच असती, तर आतलं उलटं क्षेत्र ९८५ वर गेलं असतं आणि थंड चकतीही पहिल्याच झटक्यात कामातून गेली असती. थोडक्यात, या मांडणीत प्लंजर सोडवणं म्हणजेच मॅग्नेट मारणं. ग्रेड बदलून एन-४२-एसएच घेतली तर सहनशक्ती १,५९० च्या वर जाते आणि मॅग्नेट वाचतो, पण ४,९०० ची अडचण तशीच राहते.

मग या जोडीचा उपयोग काय? याचं उत्तर टेलिफोनइतकं जुनं आहे. बेलच्या १८७७ च्या पेटंटमधल्या टेलिफोनमध्ये लोखंडी पडद्यामागे कायमचुंबक आहे. तो नसता तर पडदा करंटच्या दोन्ही दिशांना सारखाच आत ओढला गेला असता आणि आवाज दुप्पट कंपनानं आला असता. नुसत्या रिलक्टन्सला करंटची दिशा कळत नाही, ती फक्त ओढते. चुंबकानं आधीच एक क्षेत्र लावून ठेवलं की कॉइल त्यात भर घालते किंवा त्यातून वजा करते, आणि करंटच्या चिन्हाला अर्थ येतो.

त्यात शाळेतलं बीजगणित आहे. आर्मेचरच्या, म्हणजे हलणाऱ्या लोखंडी भागाच्या, दोन्ही बाजूंना फट ठेवा. दोन्हीत मॅग्नेटचं क्षेत्र ‘अ’. कॉइलचं ‘ब’ एका फटीत मिळतं, दुसरीत वजा होतं. बल म्हणजे दोन वर्गांचा फरक: (अ+ब)² − (अ−ब)² = ४अब. वर्ग गेला, गुणाकार आला. बल करंटच्या सरळ प्रमाणात, दोन्ही दिशांना. तुम्ही बेरीज करायला गेला होतात, मॅग्नेट मात्र गुणाकाराच्या कामाचा आहे. कानातल्या श्रवणयंत्राचा बॅलन्स्ड आर्मेचर, हायड्रॉलिक सर्व्होव्हॉल्व्हचा टॉर्क मोटर, व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरचा दोन स्थितींचा चुंबकीय अ‍ॅक्च्युएटर, या सगळ्यांचं मूळ हेच.

तुमच्यासाठी मी जी रचना सुचवेन ती या शेवटच्या जातीची. लोखंडाचा एक बंद डबा कल्पा. आत मधोमध लोखंडी आर्मेचर, वर फट, खाली फट, दोन्हींची बेरीज ४ मिलिमीटर. डब्याच्या भिंतीला आतून, उंचीच्या मध्यावर, मॅग्नेटची एक कडी, जिची चुंबकीय दिशा अक्षाकडे आहे. कडीच्या वर एक कॉइल आणि खाली एक, दोन्ही सिरीजमध्ये, एकाच दिशेनं ढकलणाऱ्या. मॅग्नेटचा फ्लक्स कडीतून आर्मेचरच्या कमरेत शिरतो, तिथे दोन वाटा होतात, अर्धा वर, अर्धा खाली, आणि डब्याच्या झाकण-बुडातून भिंतीनं परत कडीकडे. कॉइलचा फ्लक्स मात्र मोठा फेरा मारतो: वरची फट, आर्मेचर, खालची फट, बूड, भिंत, झाकण. त्याच्या वाटेत मॅग्नेट नाही. फटी दोघांच्या सामाईक, मॅग्नेट फक्त त्याच्या स्वतःच्या फ्लक्सचा. चित्र काढलंत तर दोन मिनिटांत पटेल. काढाच, आणि दोन रंगांत काढा.

यात आणखी एक सुख आहे. आर्मेचर वर सरकलं की वरची फट जेवढी कमी होते तेवढीच खालची वाढते. बेरीज ४ ची ४ राहते. म्हणून कॉइलला दिसणारा चुंबकीय रोध जागेप्रमाणे फारसा बदलत नाही, इंडक्टन्सही (करंट बदलायला कॉइलचा होणारा विरोध) जवळपास स्थिर राहतो. ज्यानं साध्या सोलेनॉइडचा करंट कंट्रोल लिहिलाय त्याला याची किंमत विचारा.

आता आकडे घालू. मध्यावर दोन्ही फटींत मॅग्नेटचे ०.५ टेस्ला धरू, बाकी सगळं तुमचंच. बलाचे दोन भाग पडतात. एक कॉइलचा: ३,००० अँपिअर-टर्न्सला ३०० न्यूटन, करंटच्या सरळ प्रमाणात. दुसरा जागेचा: मध्यापासून दर मिलिमीटरला ८० न्यूटन, आणि तोही बाहेरच्या दिशेनं. म्हणजे टोकाला, २ मिलिमीटरवर, करंट नसताना १६० न्यूटनची पकड. ती सोडवायला लागतात साधारण १,६०० अँपिअर-टर्न्स. तुमच्या आधीच्या ४,९०० शी तुलना करा. आणि हे १,६०० मॅग्नेटच्या आतून जातच नाहीत, त्यामुळे गरम असतानाही त्याच्या जिवावर बेतत नाही.

आता ज्याबद्दल विक्रीची पत्रकं बोलत नाहीत ते सांगतो. टोकावरून निघताना पूर्ण ३,००० दिल्यावर या रचनेत किती बल मिळतं? ३०० वजा १६०, म्हणजे १४०. तुमच्या मूळ, बिनमॅग्नेटच्या सोलेनॉइडला ४ मिलिमीटरवर किती मिळत होतं? १४०. तेवढंच. हा योगायोग नाही: त्या टोकाला मॅग्नेटचा सगळा फ्लक्स जवळच्या फटीत जातो, दूरच्या फटीत एकट्या कॉइलचं क्षेत्र उरतं. आणि मध्यावर तर नुसता सोलेनॉइड कागदावर ५६० न्यूटनपर्यंत जातो, लोखंड भरेपर्यंत, म्हणजे ते आणखी फ्लक्स घेईनासं होईपर्यंत. मध्यावरच्या बलाचे हे दोन्ही वक्र करंट वाढवत कुठे एकमेकांना छेदतात ते काढलं तर उत्तर येतं १,६०० अँपिअर-टर्न्स. त्याखाली मॅग्नेटची जोडी वरचढ, त्यावर साधा सोलेनॉइड. ५०० अँपिअर-टर्न्सवर पाहा: जोडीला ५० न्यूटन, साध्या सोलेनॉइडला १६ सुद्धा नाहीत.

म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी ड्युटी सायकलचा, म्हणजे करंट किती वेळ चालू राहणार याचा, विचारतो. कॉइलच्या खिडकीत ३ चौरस सेंटिमीटर शुद्ध तांबं आणि एका वेढ्याची सरासरी लांबी १२ सेंटिमीटर धरली, तर ३,००० अँपिअर-टर्न्सला ६२ वॅट उष्णता, ५०० ला पावणेदोन वॅट. सतत, थोड्या करंटवर, दोन्ही दिशांना बल हवं असेल तर मॅग्नेटला पर्याय नाही. दहा मिनिटांतून एकदा धाडकन ओढायचं आणि मोकळं व्हायचं, तर साधा सोलेनॉइड घ्या आणि मॅग्नेटचे पैसे वाचवा. तुमच्या बाबतीत वीज बंद असताना धरून ठेवणं ही अट आहे, म्हणून निर्णय मॅग्नेटच्या बाजूनं जातो. ती अट नसती तर मी दोनदा विचार केला असता.

‘फुकट ताकद’ या कल्पनेचाही इथेच निकाल लागतो. टोकावरून मध्यापर्यंत यायला कॉइलला मॅग्नेटच्या ओढीविरुद्ध ०.१६ जूल खर्च करावे लागतात. मध्य ओलांडला की मॅग्नेट तेच ०.१६ जूल परत देतो. पूर्ण फेऱ्यात त्याची जमा-खर्चाची वही शून्यावर बंद होते. पण परतफेड होते ती नेमकी शेवटच्या मिलिमीटरात, जिथे तुम्हाला वेग नको असतो. आर्मेचर १५० ग्रॅमचं असेल तर नुसत्या मॅग्नेटच्या ओढीनं ते जवळपास दीड मीटर प्रति सेकंदानं टोकावर आदळेल, कॉइलनं दिलेला वेग वेगळाच. तेव्हा मध्य ओलांडल्यावर करंट तोडा, आणि शेवटी थोडा उलटा करंट देऊन ब्रेक लावा. यासाठी ड्रायव्हर दोन्ही दिशांचा लागेल, म्हणजे चार स्विचांचा पूर्ण एच-ब्रिज. तुमचा एका ट्रान्झिस्टरचा सर्किट इथे चालणार नाही. २४ व्होल्टवर ३०० वेढे आणि १० अँपिअर धरले तर इंडक्टन्स ११ मिलिहेन्रीच्या आसपास येतो आणि करंट पूर्ण चढायला पाच-सहा मिलिसेकंद लागतात. यापेक्षा झटपट हवं असेल तर वेढे कमी, करंट जास्त.

मिलिमीटरला ८० न्यूटनच्या त्या बाहेर ढकलणाऱ्या बलाला उलटी स्प्रिंग समजा. तुम्हाला ती हवीच आहे, कारण पकड तिच्यातूनच येते. पण उद्या कोणी म्हणालं की मधल्या एखाद्या जागी थांबवून दाखव, तर हीच उलटी स्प्रिंग डोकेदुखी होते. मग ८० पेक्षा कडक खरी स्प्रिंग लावायची, नाहीतर जागा मोजणारा सेन्सर आणि त्यावरून करंट सतत सुधारणारा वेगवान लूप. सर्व्होव्हॉल्व्हच्या टॉर्क मोटरमध्ये आर्मेचर ज्या पातळ नळीवर उभं असतं ती नळी हेच काम करते. चुंबकीय बेअरिंगवाले ते सगळं लूपवर सोडतात. दोन्ही मार्ग चालतात, पण कोणता ते आधी ठरवा, कारण स्प्रिंग नंतर घुसडायला जागा उरत नाही.

वरचे आकडे मॅग्नेट म्हणजे ठरलेल्या फ्लक्सचा नळ आहे असं धरून काढलेत. खरा मॅग्नेट तसा नसतो. मध्यावर ०.५ टेस्ला मिळवायला दोन्ही फटींचा मिळून ०.४ मिलिवेबर फ्लक्स लागतो. तीसेक टक्के गळती धरून कडीचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर आणि जाडी ४ मिलिमीटर घेतली की हिशेब जमतो. पण आर्मेचर टोकाला टेकलं की मॅग्नेटपुढचा रोध एकदम उतरतो आणि त्याचा फ्लक्स चाळीसेक टक्क्यांनी वाढतो. पकड १६० ऐवजी जवळपास दुप्पट व्हायला निघते, लोखंड भरल्यामुळे तेवढी होत नाही एवढंच, आणि सोडवायला १,६०० ऐवजी २,३०० च्या आसपास लागतात. तुमच्या ३,००० मध्ये तरीही बसतं. नको असेल तर टोकाला पितळेची किंवा ३०४ स्टेनलेसची अर्ध्या मिलिमीटरची शिम (पातळ चकती) ठेवा. ही शिम म्हणजे तुमचा शेवटचा स्क्रू आहे: पकड जास्त वाटली जाड करा, कमी वाटली पातळ. मी पहिल्या नमुन्याबरोबर ०.२ पासून ०.६ पर्यंतचा शिमांचा संच करून घेतोच. कडी अखंड आणि आतल्या दिशेनं चुंबकित अशी मिळणं अवघड जातं, तिच्याऐवजी सहा-आठ कमानदार तुकडे चिकटवतात. तुकड्यांमधल्या फटी क्षेत्रफळातून वजा करायला विसरू नका.

लोखंडाबद्दल थोडं. साधं कमी कार्बनचं स्टील दीड टेस्लापर्यंत सुखानं काम करतं, १.७-१.८ नंतर दमतं. आर्मेचरची कंबर हा चोरमार्ग असतो: तोंडाला ४ चौरस सेंटिमीटर ठेवले आणि शाफ्टसाठी भोक पाडून आत ३ च उरले, तर तोंडावरचे १.४ टेस्ला आत १.९ होतात आणि तुम्ही बसता मॅग्नेटला दोष देत. शाफ्ट स्वतः बिनचुंबकीय ठेवा, तो झाकणातून बाहेर जातो.

आता हात काळे होतात तिथल्या गोष्टी. एकदा माझ्या एका नमुन्याची पकड गणितापेक्षा एक तृतीयांशानं कमी आली. आधी मॅग्नेटवर संशय घेतला, मग सॉफ्टवेअरवर, मग स्वतःवर. दोन दिवस गेले. शेवटी डबा उघडताना स्क्रूड्रायव्हर एका स्क्रूला टपकन चिकटला. मॅग्नेटची कडी धरून ठेवणारे सहा स्क्रू, ड्रॉइंगमध्ये पितळेचे लिहिलेले, जुळवणीच्या वेळी संपले होते म्हणून कुणीतरी तेच मापाचे साधे स्टीलचे लावले होते. प्रत्येक स्क्रू कडीच्या आतून बाहेर जाणारा, म्हणजे मॅग्नेटच्या दोन तोंडांमध्ये टाकलेली शॉर्टकटची तार. ते बदलले आणि पकड आली. तेव्हापासून जुळवणीच्या टेबलावर दोऱ्याला बांधलेला एक छोटा मॅग्नेट टांगलेला असतो. डब्यात जाणारा प्रत्येक स्क्रू, पिन आणि वॉशर आधी त्याच्यासमोरून जातो.

कमरेजवळची आडवी फट दिसायला निरुपद्रवी असते. मॅग्नेटचा सगळा फ्लक्स तिथून जातो, म्हणून ती लहान हवी, ०.३ मिलिमीटर वगैरे. पण आर्मेचर अक्षापासून थोडंही सरकलं की ज्या बाजूला फट कमी त्या बाजूला ओढ जास्त, आणि बुश एका अंगानं घासायला लागतो. काही हजार फेऱ्यांनंतर काळी रेघ दिसली की समजा. उपाय दोन: बुश वर आणि खाली असे दोन, एकमेकांपासून जमेल तेवढे लांब, आणि आडवी फट ०.३ ऐवजी ०.५ करून थोडा फ्लक्स सोडून देणं. मी बहुतेक वेळा दुसराही करतो. थोडी ताकद गेलेली चालते, अडकलेलं आर्मेचर चालत नाही.

भोवरा-प्रवाहांचं (बदलत्या फ्लक्समुळे लोखंडातच फिरणाऱ्या करंटचं) म्हणाल तर: भरीव स्टीलमध्ये १०० हर्ट्झला फ्लक्स जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर आत शिरतो. म्हणजे झटका दिल्यावर पहिले काही मिलिसेकंद लोखंडाची फक्त कातडी काम करते. करंट चढलेला दिसतो पण बल मागून येतं. तुमच्या कामाला हे बहुधा चालेल. घाई असेल तर आर्मेचरला आणि झाकणांना केंद्राकडे जाणाऱ्या चिरा पाडा, त्यानं बराच फरक पडतो. आणि कॉइलचं बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) अॅल्युमिनियमचं असेल तर त्याला एक उभी चीर हवीच. अखंड अॅल्युमिनियम कडी म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा शॉर्ट झालेला वेढा. प्लॅस्टिकचं बॉबिन घेतलंत तर हा विषयच संपतो.

तापमानात दोन हिशेब एकत्र धरा. १२० अंशांना तांब्याचा रोध २० अंशांच्या तुलनेत ३९ टक्के वाढतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला करंट कमी. आणि मॅग्नेटचा फ्लक्स दर १०० अंशांना साधारण १२ टक्के उतरतो. पकड वर्गाप्रमाणे, म्हणून तिच्यातून वीसेक टक्के जातात. सुटायला लागणारा करंटही त्याबरोबर कमी होतो, पण कितीदा भरवसा ठेवायचा? मी पकड गरम अवस्थेत तपासतो आणि सुटणं थंड अवस्थेत. पकडीसाठी गरम आणि सुटण्यासाठी थंड हीच वाईट बाजू असते.

स्ट्रोक पुढे वाढवायचा विचार असेल तर आधीच सांगतो: फट मिटवून ओढण्याची ही पद्धत पाच-सहा मिलिमीटरांच्या पुढे ओढाताणीची होते. १,६०० चा तो आकडा फटीच्या प्रमाणात वाढतो, तांबं वाढतं, डबा वाढतो. त्यापुढे दातेरी रचना पाहा, जिथे बल फट मिटण्यातून न येता दातांवर दात सरकण्यातून येतं. बाजारातला १.८ अंशांचा हायब्रिड स्टेपर (पावलापावलानं फिरणारी मोटर) हे त्याचंच गोल रूप: रोटरला ५० दाते, मधे अक्षाच्या दिशेनं चुंबकित चकती, २०० पावलांत एक फेरा. तो उलगडून सरळ केला की लिनिअर स्टेपर. तिथे स्ट्रोक हवा तेवढा, पण दर चौरस सेंटिमीटरला मिळणारं बल तुमच्या फट मिटवण्याच्या बलाच्या मानानं खूपच कमी. ४ मिलिमीटरसाठी तिकडे जाण्याची गरज नाही.

संगणकावर तपासायचं तर रचना गोल आहे, म्हणून अक्षसममित द्विमितीय मॉडेल पुरतं. एफईएमएम हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी उत्तम. फटीत निदान चार-पाच थर जाळी द्या, नाहीतर बलाचे आकडे नाचतात. आर्मेचर पाव-पाव मिलिमीटरनं सरकवत, करंट शून्य, अधिक आणि उणे अशा तीन स्थितींत बलाचे तीन वक्र काढा. शून्य करंटचा वक्र मध्यावर शून्यातून गेला नाही तर मॉडेलची सममिती कुठेतरी चुकलीये. ती चूक सुधारली की मगच बाकीच्या दोन वक्रांवर विश्वास ठेवा.

राहिली तुमची सध्याची चकती. ती कडीत वापरता येणार नाहीच, पण टाकण्याआधी गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) मिळाला तर प्लंजरमधून बाहेर काढून, आसपास लोखंड नसताना, तिच्या तोंडाच्या मधोमध क्षेत्र मोजा. २२-२३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ५ मिलिमीटर जाडीच्या निरोगी एन-४२ चकतीला पृष्ठभागावर ०.२६ टेस्लाच्या आसपास दिसायला हवं. सेन्सर थोडा वर बसतो म्हणून ०.२४ आलं तरी ठीक. ०.२ च्या खाली आलं तर तिचा जीव त्या उलट्या झटक्यांनी घेतला हे नक्की. मग मध्यावरून कडेकडे सेन्सर सरकवत जा आणि कुठे किती पडलंय ते लिहून इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.